नफा तळेवाल्यांचा, धुणे तिवरांचे

कोळंबीच्या तळ्यातून बाहेर पडणारे घाण पाणी वनस्पतींच्या मुळांतून गाळून घ्यावे आणि मगच खाडीत सोडावे, ही कल्पना मुळात वाईट नाही. तिवर, पाणकणीस, जलपर्णी, समुद्रशेवाळ या साऱ्यांच्या अंगी ते सामर्थ्य आहे. प्रश्न कल्पनेचा नाहीच. ती आज कोणाच्या तोंडी आहे आणि कशासाठी आहे, हा प्रश्न आहे. ज्या धंद्याने पूर्व किनाऱ्यावर ठिकठिकाणी तिवरे उपटून तळी खणली, तोच धंदा आता तळ्याच्या बांधावर तिवरांच्या चार रांगा लावून परदेशी ग्राहकापुढे ‘निसर्गस्नेही’ म्हणून मिरवू पाहत आहे. घर जाळून कोळशाचा व्यापार करणारे पुष्कळ पाहिले. जळलेल्या घराच्या अंगणात तुळस लावून वर पुण्याचा दाखला मागणारे विरळाच.

या दाखल्याची किंमत तपासायची तर आधी तळ्यात काय घडते ते पाहावे लागेल. सघन पद्धतीच्या तळ्यात कोळंबी निसर्गतः मिळेल ते खाऊन वाढत नाही. तिला कारखान्यात तयार झालेले, मासळीच्या कुटाचे आणि सोयाबीनच्या पेंडीचे प्रथिनयुक्त खाद्य दिवसातून अनेकदा घालावे लागते. या खाद्यातील नत्रापैकी साधारण पाव ते एक तृतीयांश भाग कोळंबीच्या अंगी लागतो. उरलेला न खाल्लेल्या कणांच्या, विष्ठेच्या आणि अमोनियाच्या रूपाने पाण्यात विरघळतो किंवा तळाच्या काळ्या गाळात साचतो. स्फुरदाची गत याहून वेगळी नाही. २००९ मध्ये अमेरिका खंडातील ‘वनामी’ जातीच्या कोळंबीला भारतात परवानगी मिळाली आणि चौरस मीटरला ६० पर्यंत बीज सोडण्याची मुभा देण्यात आली. परंपरागत भेरीत किंवा खाजणात कोळंबी भरतीबरोबर येई आणि तिची दाटी निसर्ग ठरवी. इथे ती बाजारभाव ठरवतो. पीक निघाले की तळे एक-दोन दिवसांत रिकामे केले जाते आणि उपशाच्या शेवटी उरलेले गढूळ, गाळमिश्रित पाणी, म्हणजे साऱ्या हंगामाच्या घाणीचा अर्क, चरातून खाडीत जाते. त्याच खाडीतून शेजारचा तळेवाला आपल्या तळ्यात पाणी ओढतो. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने आंध्र-तामिळनाडूची तळी एकामागून एक ओस पाडली, तेव्हा या शेजारधर्माचा अनुभव सर्वांना आला होता.

आता वनस्पती काय करतात ते पाहू. पाण्यात उभ्या असलेल्या देठांमुळे प्रवाह मंदावतो व गाळ खाली बसतो. मुळांच्या पृष्ठभागावर वस्ती करणारे जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात आणि मुळांखालच्या प्राणवायूविरहित चिखलातील दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात. उरलेल्या नत्र-स्फुरदातून झाड आपले अंग वाढवते. यात चमत्कार काही नाही, आणि फुकट तर मुळीच काही नाही. कारण झाड घाण नाहीशी करीत नाही, साठवते. जलपर्णी वा पाणकणीस वेळेवर कापून बाहेर काढले नाही, तर ते त्याच पाण्यात कुजते आणि घेतलेले सारे व्याजासह परत करते. म्हणजे गाळणीच्या तळ्यात कुणीतरी गुडघाभर, कधी कंबरभर चिखलात उतरले पाहिजे, कापले पाहिजे, ओढून काठावर आणले पाहिजे, त्याचे खत केले पाहिजे, आणि हे वर्षानुवर्षे चालू ठेवले पाहिजे. प्रकल्पांच्या चकचकीत पुस्तिकांत हिरवी पाने दिसतात. ती कापणारे हात दिसत नाहीत. या हातांची मजुरी कोण देणार, हा प्रश्न विचारला की ‘वनस्पतींद्वारे शुद्धीकरण अत्यल्प खर्चात होते’ हे आवडते वाक्य लंगडू लागते. अल्प खर्च याचा अर्थ या देशात बहुधा एकच असतो: तो खर्च कोणीतरी मुकाट्याने सोसत आहे.

तिवरांची गोष्ट आणखी वेगळी. तिवर कापायचे नसते; ते आपल्या लाकडात, मुळांत आणि मुळांनी धरून ठेवलेल्या चिखलात घाण सावकाश जिरवते. सावकाश जिरवायचे तर जागा मोठी लागते. किती मोठी? रॉबर्टसन आणि फिलिप्स या शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये हा हिशेब मांडला. अर्धसघन पद्धतीच्या एक हेक्टर तळ्याचे नत्र व स्फुरद पचवण्यास २ ते ३ हेक्टर तिवरांचे वन हवे. सघन पद्धतीच्या तळ्याला, स्फुरदाचा विचार केला तर, २२ हेक्टरांपर्यंत. हा अंदाज आहे, जागेगणिक तो कमीजास्त होईल. पण त्याच्या शेजारी आपल्या देशातील नियम ठेवून पाहावा. २००५ च्या किनारी जलसंवर्धन प्राधिकरण कायद्याखाली आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी ५ हेक्टरांहून मोठ्या शेतांना सांडपाणी-प्रक्रियेचे तळे सक्तीचे केले आणि त्यासाठी किमान दहावा हिस्सा जागा राखण्यास सांगितले. म्हणजे शास्त्राचा हिशेब एका हेक्टरला दोन ते बावीस, आणि नियमाचा हिशेब दहा हेक्टरांना एक! शिवाय देशातील बहुसंख्य कोळंबीशेते पाच हेक्टरांहून लहान, तेव्हा त्या तत्त्वांखाली त्यांना तेवढेही बंधन नव्हते. मोठे शेत कागदावर भावाभावांत आणि मेहुण्यांत वाटून लहान करणे ही कला जमीनधारणा कायद्याने बड्या शेतकऱ्यांना कधीच शिकवून ठेवली आहे.

हाच हिशेब देशाच्या पातळीवर मांडला तर तो अधिक बोलका होतो. भारतातील कोळंबीच्या तळ्यांचे क्षेत्र दीड लाख हेक्टरांहून अधिक आहे. हेक्टरी तीन हेक्टर तिवरे धरली तरी साडेचार लाख हेक्टर वन लागेल. २०२१ च्या वनस्थिती अहवालानुसार संपूर्ण देशातील कांदळवन ४,९९२ चौरस किलोमीटर, म्हणजे पाच लाख हेक्टरांना किंचित कमी. आणि त्यातले चाळीस टक्क्यांहून जास्त पश्चिम बंगालात. आंध्र प्रदेश हा कोळंबीचा सर्वांत मोठा उत्पादक; तिथे कांदळवन ४०५ चौरस किलोमीटर आणि तळ्यांचे क्षेत्र त्याहून मोठे. तेव्हा निसर्ग धुऊन देईल अशी ज्यांची श्रद्धा आहे, त्यांनी आधी निसर्गाकडे तेवढी परातच शिल्लक नाही याची नोंद घ्यावी. ती परात कोणी विकून खाल्ली, याचा इतिहास फार जुना नाही.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी परकीय चलनाच्या हव्यासापायी सरकारनेच कोळंबीला पायघड्या घातल्या. जागतिक बँकेचे कर्ज आले, अनुदाने आली, आणि कालवर ओसाड म्हणून हिणवलेली किनाऱ्यावरची जमीन अचानक सोन्याची झाली. ही जमीन ओसाड कधीच नव्हती. तिथे गुरे चरत, जळण मिळे, खेकडे-कालवे वेचून बायका घर चालवीत आणि तिवरांच्या मुळांत मासळीची पिल्ले वाढत. मालकीचा कागद नव्हता एवढेच. ओरिसात चिल्का सरोवरावर बड्या भांडवलाचा कोळंबी प्रकल्प येऊ घातला, तेव्हा जुन्या प्रजा समाजवादी पक्षातले बांक बिहारी दास यांच्यासारखे कार्यकर्ते मच्छीमारांच्या बाजूने उभे राहिले आणि तो प्रकल्प मागे घ्यावा लागला. पण कोळंबीचे कुंपण सरोवरात घुसायचे थांबले नाही. २९ मे १९९९ रोजी सोराणा येथे पोलिसांच्या गोळीबारात चार जणांचे बळी पडले. तामिळनाडूत नागपट्टिनमच्या परिसरात एस. जगन्नाथन आणि कृष्णम्माल हे सर्वोदयी दांपत्य भूमिहीन दलित शेतमजुरांना घेऊन तळ्यांच्या वाटेत आडवे झाले. भूदानात पायपीट केलेल्या या वृद्धाने शेवटी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले.

त्या खटल्यात न्यायालयाने नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेला किनाऱ्याची पाहणी करण्यास सांगितले. नीरी ही काही चळवळ्यांची संघटना नव्हे, सरकारी विज्ञानसंस्था. तिने नफा-तोट्याचा जमाखर्च काढला: कोळंबीने केलेले सामाजिक व पर्यावरणीय नुकसान कोळंबीच्या मिळकतीपेक्षा आंध्रात सुमारे चौपट आणि तामिळनाडूत दीडपट. नेल्लोर जिल्ह्यातील कुर्रू गावाचा उल्लेख निकालपत्रात आहे. तळ्यांमुळे तिथले पाणी खारे झाले, सहाशे मच्छीमारांना प्यायला पाणी उरले नाही, आणि बायकांनी आवाज उठवल्यावर टँकर सुरू झाले. ११ डिसेंबर १९९६ रोजी न्या. कुलदीप सिंग आणि न्या. सगीर अहमद यांनी निकाल दिला. किनारपट्टी नियमन क्षेत्रातील अपारंपरिक तळी ३१ मार्च १९९७ पर्यंत पाडून टाकावीत, तिथल्या कामगारांना भरपाई द्यावी, आणि ज्याने घाण केली त्याने ती निस्तरण्याचा खर्च सोसावा.

पुढे जे झाले ते आपल्या लोकशाहीच्या अभ्यासकांनी पाठ करून ठेवण्यासारखे आहे. तळी पडली नाहीत. फेरविचाराचे अर्ज झाले, निकालाच्या अंमलाला खीळ बसली, आणि २००५ मध्ये संसदेने कायदाच असा केला की १९९१ च्या किनारपट्टी अधिसूचनेतील बंदी कोळंबीला लागू नाही. नुसती यापुढे लागू नाही असे नव्हे, तर १९९१ पासूनच ती लागू नव्हती असे मानावे! गरिबाच्या झोपडीला मागील तारखेने संरक्षण मागितले तर कायद्याचे पावित्र्य आठवते. तळेवाल्यांसाठी चौदा वर्षे मागे जायला ते पावित्र्य आड आले नाही. २०२३ च्या दुरुस्तीने उरलीसुरली धास्तीही गेली. नियमभंगाला पूर्वी कैदेची तरतूद होती, ती काढून टाकून दंडावर भागवण्यात आले. दंड म्हणजे खर्चाच्या वहीतील आणखी एक रकाना.

या पार्श्वभूमीवर वनस्पतींची भाषा ऐकू येते तेव्हा सावध होणे भाग आहे. कुर्रूच्या विहिरीतले मीठ कोणती झाडे काढणार होती? तिवर खाऱ्या पाण्यात जगते, पाणी गोडे करीत नाही. जमिनीत झिरपलेला क्षार उपटून टाकणारी जादूची मुळी कोणाकडे नाही. तळ्यात टाकलेल्या प्रतिजैविकांचा पाणकणसाने निकाल लावावा, अशी हमीही कोणी देऊ शकत नाही. गाळणी पाण्यातले नत्र-स्फुरद आणि गाळ कमी करते; एवढेच तिचे काम, आणि ते मोलाचे आहे. पण जमीन कोणाची गेली, पाणी कोणाचे बिघडले आणि काम कोणाचे सुटले, या प्रश्नांवर पानांची सावली पाडण्यासाठी तिचा वापर होऊ लागला, तर विज्ञानाचा वकिलीसाठी उपयोग चालला आहे असेच म्हणावे लागेल.

वनस्पती आणि मत्स्यपालन यांची खरी सांगड या देशाला नवी नाही. केरळात एर्नाकुलमच्या आसपासच्या पोक्काळी शेतांत पावसाळ्यात भात आणि नोव्हेंबर ते एप्रिल कोळंबी घेतली जाते. भाताची फक्त कणसे कापतात. पाण्यात उभा राहिलेला पेंढा कुजून कोळंबीला अन्न देतो आणि कोळंबीने मागे ठेवलेला मळ पुढच्या भाताला खत होतो. म्हणजे गाळणीचे पीक आणि धंद्याचे पीक एकाच जमिनीत, फक्त ऋतू वेगळे. गोव्याच्या खाजणांतही हाच शहाणपणा होता. बांध, बांधातली मानस नावाची लाकडी झडप, आत कोरगुट भात, आणि भरती-ओहोटीच्या वेळी मानशीवर मासळी. देखभाल गावकारीची, म्हणजे गावाच्या सामूहिक यंत्रणेची.

आणि नेमके इथेच काय बिनसले ते पाहण्यासारखे आहे. कोळंबीला डॉलर मिळू लागताच पोक्काळीच्या जमीनमालकांना भात अडगळ वाटू लागले. भाताला मजूर लागतात, कोळंबीला पंप आणि पहारेकरी पुरतात. खारे पाणी वर्षभर कोंडून ठेवले तर दोन पिके कोळंबीची निघतात. ‘एक भात, एक मासा’ असे धोरण केरळ सरकारला पुकारावे लागले ते याच ओढाताणीतून. गोव्यातही मानशीच्या लिलावात जास्त बोली लावणाऱ्याचे लक्ष भाताकडे नसते. खारे पाणी आत राहिले तर त्याची मासळी वाढते आणि शेतकऱ्याचे भात मरते. तेव्हा गाळणी मोडली ती तंत्र नापास झाले म्हणून नव्हे. गाळणीचे पीक मजुराचे होते आणि कोळंबीचे पीक मालकाचे, आणि निर्णय मालकाच्या हाती होता, म्हणून मोडली.

याची उलट बाजू कोलकात्याला दिसते. तिथे घाण तळ्यांची नव्हे, शहराची आहे. पण वनस्पती, मासळी आणि श्रम यांचे नाते समजून घ्यायला ते उदाहरण उपयोगी पडते. पूर्व कोलकात्याच्या सुमारे १२,५०० हेक्टर पाणथळीत शहराचे सांडपाणी भेऱ्यांमधून फिरते आणि त्यावर मासळी वाढते. काठाकाठाने जलपर्णी बांबूच्या कुंपणात अडवून ठेवलेली असते. ती लाटांपासून बांध वाचवते आणि पाण्यातली घाण ओढते, आणि ती वेळच्या वेळी काढणे हे तिथल्या कामगारांच्या रोजच्या कामाचाच भाग असते. या व्यवस्थेचे मोल जगाला पटवून देणारे अभियंते ध्रुवज्योती घोष यांनी या ज्ञानाचे श्रेय नेहमी मच्छीमारांना दिले. गार्डन रीचजवळ मुडियालीच्या मच्छीमार सहकारी संस्थेने तर कारखान्यांचे आणि वस्तीचे सांडपाणी जलपर्णीच्या चरांतून आणि तळ्यांच्या मालिकेतून नेऊन शेवटी त्यावर मासळी पिकवून दाखवली. जमीन बंदराची, धोका कायमचा; तरी संस्था उभी राहिली, कारण गाळणी साफ ठेवणारे आणि मासळी विकणारे लोक एकच होते. पाणी बिघडले तर त्यांचेच ताट रिकामे होणार होते.

लहान तळेवाल्याचा प्रश्न मात्र टाळता येणार नाही. एक-दोन हेक्टरांवर कर्ज काढून कोळंबी घेणारा गोदावरी-कृष्णेच्या मुखप्रदेशातला शेतकरी हा भांडवलदार नव्हे. बीज, खाद्य आणि औषध तो एकाच व्यापाऱ्याकडून उधारीवर घेतो, आणि पुष्कळदा त्यालाच, त्याने सांगितलेल्या भावाने, कोळंबी विकतो. रोग आला तर बुडतो तो एकटा. त्याला तीन हेक्टर तिवरे लाव असे सांगणे म्हणजे निव्वळ चेष्टा होय. पण म्हणून त्याची घाण शेजारच्या कोळ्याने सोसावी, हा न्यायही नव्हे. गरिबाला गरिबाविरुद्ध उभे करून मधला दलाल नामानिराळा राहतो, हा खेळ ओळखला पाहिजे. २०२३-२४ मध्ये गोठवलेल्या कोळंबीच्या निर्यातीने देशाला सुमारे चाळीस हजार कोटी रुपये मिळाले. पैसा आहे, तो खाद्याचे कारखाने, बीजकेंद्रे आणि निर्यातदार यांच्यापाशी साचला आहे. गाळणीचा खर्च तिथून वसूल झाला पाहिजे. निर्यातीच्या मूल्यावर आणि खाद्याच्या प्रत्येक पोत्यावर उपकर बसवावा आणि त्यातून तळ्यांच्या समूहागणिक सामाईक गाळणी उभारावी: आधी गाळ बसवणारे तळे, मग कालवे-शिंपल्यांचे आणि समुद्रशेवाळाचे, शेवटी तिवरांचे वा खाऱ्या गवताचे. तिची जमीन सार्वजनिक मालकीची राहावी आणि देखभाल मच्छीमार बायकांच्या सहकारी संस्थांकडे असावी, अनुदानावर नव्हे तर किमान वेतनाच्या हक्काने. शेवाळ, कालवे, खत, जे निघेल ते त्यांचे. आणि गाळणी जेवढे पाणी पचवील तेवढीच तळी त्या खाडीवर राहतील. आधी गाळणी, मग परवाना.

यावर निर्यातदारांची ओरड ठरलेली आहे: असे केले तर इक्वेडोर बाजार बळकावील. बळकावील कदाचित. पण ज्या धंद्याचा नफा आपली घाण शेजाऱ्याच्या विहिरीत लोटण्यावरच उभा आहे, त्याने देशप्रेमाच्या नावाने बाजाराची भीती घालू नये. १९९६ चा नीरीचा हिशेब खोटा होता असे त्यांनी कधी सिद्ध केले नाही. फक्त कायदा बदलून घेतला.

महाराष्ट्राने हे दुरून पाहून चालणार नाही. पालघर-रायगडपासून रत्नागिरी-सिंधुदुर्गापर्यंत खाडीकाठच्या खारजमिनी ‘पडीक’ म्हणून दाखवून त्यांवर कोळंबी प्रकल्प आणण्याचे मनसुबे पुन्हापुन्हा डोके वर काढतात. इथली तिवरे २००५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनी बऱ्याच अंशी वाचली आहेत. पण न्यायालयाचे आदेश संसदेत मागील तारखेने कसे निष्प्रभ होतात, हे पूर्व किनाऱ्याने दाखवून ठेवले आहे. कोळंबी प्रकल्पाच्या प्रत्येक अर्जावर ग्रामसभेत आणि कोळ्यांच्या सोसायटीत तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. तळ्याचे पाणी ओहोटीला कोणाच्या हद्दीत जाणार? ते गाळणाऱ्या झाडांसाठी किती हेक्टर जमीन, कोणाच्या नावावर, राखली आहे? आणि ती झाडे कापायला चिखलात कोण उतरणार, किती रोजावर? या तिन्हींची उत्तरे लेखी मिळेपर्यंत अर्जावर सही होता कामा नये.